मोठ्या चाकांचा मोह

वऱ्हाडातली बैलबंडी ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला मोठ्या चाकाची थोरवी निराळी सांगावी लागत नाही. जवळजवळ छातीपर्यंत येणारे बाभळीचे ते चाक, मधला तुंबा, त्यातून फुटलेले आरे आणि भोवती लालभडक तापवून बसवलेली लोखंडी धाव, असा तो सारा थाट असे. आषाढात पांदणीत गुडघाभर चिखल झाला, तरी बंडी डुलत डुलत का होईना, पण घरी येई. लहान चाक खड्ड्यात पडते आणि मोठे चाक खड्ड्यावरून जाते, हे ज्ञान आमच्याकडच्या सुताराला कोणत्याही पुस्तकावाचून होते.

आता बंड्या कमी झाल्या. पण मोठ्या चाकाचा सोस काही कमी झाला नाही. वाशीम, रिसोड, मालेगाव, कारंजा यांपैकी कोणत्याही गावच्या पेठेतून सायंकाळी फेरफटका मारा. एखादी तरी अशी मोटार दृष्टीस पडते, की जिच्या अंगापेक्षा पायच थोर! टायर चिखलट्यांपासून बाहेर डोकावत असतात, त्यांच्यावर विटांएवढे उंचवटे असतात आणि मालक गाडीकडे असा पाहत उभा असतो, की जणू पोळ्याला सजवलेली जोडीच. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्यांना ही हौस विशेष. त्यातही अलीकडे पुष्कळ गाड्यांचे गिअर आपोआप बदलतात. मोठे टायर आणि आपोआप बदलणारे गिअर या दोघांचा संसार एकत्र मांडला म्हणजे काय घडते, ते या लेखात सांगावयाचे आहे. विषय थोडा यंत्राचा आहे. पण ज्या घरात अशी गाडी आहे, किंवा जिच्यासाठी चिरंजीवांचा हट्ट चालू आहे, त्या घरातील मंडळींना तो परका वाटण्याचे कारण नाही.

बैल ओढतो, इंजिन पिळते

बंडी आणि मोटार यांत एक मूलभूत फरक आहे आणि सारा घोटाळा त्या फरकात आहे. बैल चाक फिरवीत नाही. तो बंडी ओढतो, आणि चाक बिचारे मागून फिरत येते. म्हणून तिथे चाक जितके मोठे, तितका बैलाला आराम. मोटारीत उलटा प्रकार. इंजिन गाडी ओढत नाही. ते चाकाला मध्यभागी धरून पिळते, आणि चाक जमिनीला मागे रेटून गाडी पुढे नेते. येथे चाकाची त्रिज्या म्हणजे इंजिनाच्या विरुद्ध वापरलेली काठी. काठी जितकी लांब, तितका इंजिनाचा हात लवकर दुखणार.

ज्यांच्या घरी विहिरीवर रहाट होता, त्यांना हे चटकन पटेल. रहाटाचे लाकूड जाड असले तर एका फेऱ्यात दोर पुष्कळ गुंडाळला जातो आणि बादली झरझर वर येते. पण फिरवणाऱ्याच्या दंडाला विचारा! लाकूड बारीक असले तर फेरे जास्त, श्रम कमी. मोटारीचे चाक मोठे करणे म्हणजे रहाटाचे लाकूड जाड करणे. बादली तीच, पाणी तेच, दंड मात्र तोच राहिला.

फूटभर पावलाचा हिशेब

थोडे गणित करू. पाचवीच्या मुलालाही येईल असे. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्र कंपनीची थार ही गाडी घेऊ. २ ऑक्टोबर २०२० रोजी तिची नवी आवृत्ती बाजारात आली, तेव्हा तिला आपोआप बदलणाऱ्या सहा गिअरांची सोय मिळाली. त्या आवृत्तीच्या वरच्या प्रकाराला टायर होते २५५/६५ आर १८ या मापाचे. हे आकडे टायरच्या कडेवरच छापलेले असतात आणि त्यांत गूढ काहीच नाही. २५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची, रुंदीच्या शेकडा ६५. आर म्हणजे रेडियल. १८ म्हणजे आतल्या लोखंडी कड्याचा व्यास, इंचांत. बेरीज केली की पुरा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच भरतो.

आता हौशी मंडळी यावर ३५ इंची टायर चढवतात. त्याचा व्यास ८८९ मिलिमीटर. मूळ चाक एका फेऱ्यात सुमारे २ मीटर ४८ सेंटिमीटर चालत होते. हे नवे २ मीटर ७९ सेंटिमीटर चालते. दर पावलाला फूटभर जास्त! किलोमीटरभर जाण्यास मूळ चाकाला ४०४ फेरे लागत होते. नव्याला ३५८ पुरतात. वाढ शेकडा पावणेतेराच्या आसपास.

वाटेल की हे तर छानच झाले, कमी फेऱ्यांत जास्त मजल! पण निसर्गाच्या दुकानात उधारी नसते. चाकाची मजल जितकी वाढली, तितका जमिनीवरचा जोर घटला. पूर्वी शंभर किलोचा रेटा मिळत होता, तेथे आता ८९ किलोंचा मिळतो. सहा गिअरांच्या पेटीत शेवटच्या दोन गिअरांत जे अंतर असते, त्याच्या सुमारे निम्मे हे झाले. म्हणजे घरच्या घरी, कोणालाही न विचारता, गाडीचा अर्धा गिअर आपण हरवून बसलो. शिवाय मोठा टायर नुसता मोठा नसतो, जडही असतो. मूळ टायरहून प्रत्येकी आठ-दहा किलो अधिक भरणे नवलाचे नाही. आणि हे वजन चाकाच्या बाहेरच्या कडेला असल्यामुळे ते फिरवायला आणि थांबवायला दोन्ही वेळा जादा कष्ट.

धृतराष्ट्र आणि संजय

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत ही तूट चालकाला लगेच कळते. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलीज जीप जोडावयास सुरुवात केली, तिच्यात तीनच गिअर होते आणि तेही हाताने टाकावयाचे. चढ लागला, इंजिन कुरकुरू लागले, की ड्रायव्हर कानाने ओळखे आणि गिअर खाली घेई. तेथे न्याय करणारा आणि सोसणारा एकच माणूस असे.

आपोआप चालणाऱ्या गिअरांचे तसे नाही. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली अशी पहिली पेटी अमेरिकेत ओल्ड्समोबाइल गाडीत १९३९ च्या अखेरीस, म्हणजे १९४० च्या नमुन्यात आली. आजच्या पेट्यांचे निर्णय घेतो तो एक छोटा संगणक. त्याची अवस्था धृतराष्ट्रासारखी आहे. त्याला रस्ता दिसत नाही, घाट दिसत नाही आणि टायर तर मुळीच दिसत नाही. पेटीतून बाहेर पडणारा दांडा मिनिटाला किती फेरे घेतो आणि चालकाने वेगाचे पायडल किती दाबले आहे, एवढेच त्याचा संजय त्याला सांगतो. एवढ्यावरून तो ठरवतो, की आता तिसरा गिअर टाकू की चौथा.

आता टायर मोठे केले म्हणजे संजय खोटे बोलत नाही; फेरे तो बरोबरच मोजतो. पण प्रत्येक फेऱ्याचे अंतर बदलले, ही बातमी राजवाड्यात पोचलेलीच नसते. गाडी खरोखर ताशी ६० च्या वेगाने धावत असता संगणक समजतो ५३. गाडी अजून हळू आहे, वरचा गिअर कशाला टाका, असा विचार करून तो वेळ काढतो. त्यात चालकाला जोर कमी वाटतो म्हणून तो पायडल जास्त दाबतो. जास्त दाबलेले पायडल पाहून संगणकाला वाटते की मालकांना घाई आहे, आणि तो आणखी थांबतो. शेवटी एकदाचा सहावा गिअर पडतो. तेथे रेटा पुरत नाही. तो पुन्हा पाचवा घेतो. वेग आला म्हणून पुन्हा सहावा. सरळ रस्त्यावर, थोड्याशा चढाला किंवा समोरच्या वाऱ्याला, गाडी अशी गिअरांच्या जिन्यावरून वरखाली करीत राहते. बसणाऱ्यांना ते बारीक हिसक्यांसारखे जाणवते आणि मागे बसलेल्या आजीबाई विचारतात, "अरे, गाडीला उचकी लागली का?"

याहून खोल भानगड आत आहे. आपोआप गिअरांच्या बहुतेक दणकट गाड्यांत इंजिन आणि पेटी यांच्यामध्ये क्लचऐवजी तेलाचा एक बंद डबा असतो. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, ते जहाजांसाठी. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवावे, एक चालू करावा आणि त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागावा, तसाच प्रकार. वाऱ्याच्या जागी तेल एवढेच. गाडी जागेवरून हलताना हा डबा इंजिनाची पिळवट जवळजवळ दुप्पट करून देतो, म्हणून सुरुवात इतकी लोण्यासारखी होते. पण पहिला पंखा जोरात आणि दुसरा मागे रेंगाळत असताना मधले तेल घुसळले जाते आणि तापते. सपाट रस्त्यावर वेग आला की एक छोटा क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकतो; मग घुसळण थांबते. मोठ्या टायरांनी ओझे वाढवले, की हा जखडणारा क्लच पुन्हा पुन्हा सुटतो. घुसळण चालू, ताप चालू. कारागिरांचा एक ठोकताळा आहे, की नेहमीच्या तापमानाच्या वर दर दहा अंश सेल्सिअसला या तेलाचे आयुष्य निम्मे होते. हाताच्या गिअरात जी तक्रार कानाला ऐकू येते, ती येथे मुकाट्याने तेलात जिरते. पेटी बोलत नाही. एकदम आजारी पडते.

पातूरच्या घाटात

माझी थोरली बहीण मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तिच्या मुलाने अशीच एक आपोआप गिअरांची गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगण्याचे कारण नाही; दोष गाडीचा नव्हताच. वर्षभराने त्याने एका मोठ्या शहरातून थोर टायर चढवून आणले आणि गाडी अंगणात उभी करून मला म्हणाला, "मामा, कशी दिसून राह्यली?"

मी म्हणालो, "दिसते झकास. चालते कशी?"

"थोडी जड वाटते. पण सवय होईल."

ताईचे गाऱ्हाणे निराळेच होते. तिला गाडीत चढायला आता स्वयंपाकघरातला स्टूल आणावा लागे, आणि तो स्टूल गाडीतच ठेवल्यामुळे फडताळावरचा डबा काढायला घरात स्टूल उरला नव्हता.

मे महिन्यात ताईच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अकोल्यास ठरले. मालेगावहून अकोल्याला जाताना मेडशी सोडली की अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार संपते आणि पातूरच्या घाटाने खाली उतरावे लागते. उतरतानाच मला जाणवले, की पूर्वी इंजिन गाडीला जसे मागे धरून ठेवी, तसे ते धरत नाही. कारण उघड होते. ज्या काठीने इंजिनाची ओढ घटली होती, त्याच काठीने त्याचा आवरही घटला होता. भाचा ब्रेक वारंवार दाबीत होता आणि खाली पोचलो तेव्हा जळका वास नाकाला लागला.

ऑपरेशन नीट झाले. एका डोळ्यावर पट्टी, डॉक्टरांनी हिसका-धक्का टाळावयास बजावलेले, अशा स्थितीत दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाच माणसे सामानासुमानासह परत निघालो. अकोल्याचे मे महिन्यातले ऊन ज्याने भोगले आहे, त्याला मी अधिक काय सांगू? घाटात पुढे मालाने भरलेले तीन ट्रक गोगलगाईच्या गतीने चढत होते. ओलांडायला जागा नाही, थांबायला जागा नाही. गाडी दुसऱ्यात जाई, पहिल्यात येई, पुन्हा दुसऱ्यात जाई. मध्यावर पोचतो न पोचतो तोच समोरच्या फळीवर गिअरपेटी तापल्याचा दिवा लागला आणि गाडीतले बळच गेले. भाच्याने कशीबशी ती कडेला घेतली.

पाऊण तास आम्ही त्या उन्हात होतो. इंजिन चालू ठेवावयाचे, गिअर मोकळा ठेवावयाचा आणि तेल निवण्याची वाट पाहावयाची, एवढाच उपाय. एका निंबाच्या विरळ सावलीत ताई त्या स्टुलावर बसली होती. तिने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. पट्टीवर धूळ बसू नये म्हणून सून पदर धरून उभी होती. भाच्याचे तोंड पाहवत नव्हते. आईच्या डोळ्याला काही झाले असते तर, हा विचार त्याच्या कपाळावर लिहिलेला दिसत होता. मी त्या वेळी त्याला काहीच बोललो नाही. दिव्याने सांगितले होते, तेवढे पुरे होते.

चार दिवसांनी गाडी अकोल्याच्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने पेटीतले तेल काचेच्या पेल्यात काढून आमच्यासमोर धरले. लालसर असावयाचे ते तेल चहाच्या चोथ्यासारखे झाले होते आणि त्याला करपट वास येत होता. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, गाडी बिघडली नाही. तुम्ही तिला चाकाचं माप सांगितलंच नाही, म्हणून ती चुकून राह्यली. अजून एक पावसाळा असाच काढला असता, तर पेटी उघडावी लागली असती." पेटी उघडणे म्हणजे काय, हे त्याने आकड्यात सांगितले नाही, पण आपोआप गिअरांची पेटी उघडली, की हजारांची भाषा संपते आणि लाखांची सुरू होते, हे भाच्याला ठाऊक होते.

तेल बदलले. मूळ टायर गोठ्याच्या माळ्यावर पडून होते, ते पुन्हा चढवले. थोर टायर निम्म्या किमतीत विकावे लागले. ताईचा स्टूल फडताळाखाली परत आला.

समृद्धीवरचा काटा

वाशीम जिल्ह्याला आता दुसऱ्या एका कारणाने या गोष्टीचा विचार करणे भाग आहे. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा ५ जून २०२५ रोजी. सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे.

गाडीचा वेग दाखवणारा काटाही चाकाचे फेरेच मोजतो. मघाच्या ३५ इंची टायरांवर काटा १२० दाखवील, तेव्हा हिशेबाने गाडी १३५ ने पळत असेल. कारखान्यातून काटे थोडे जास्त दाखवणारे बसवतात, त्यामुळे फरक जरा कमी भरेल. तरी तो राहतोच. पोलिसांच्या यंत्राला काटा दिसत नाही, खरा वेग दिसतो. दंडाचे सोडा, १२० च्या ऐवजी १३५ ने जाणाऱ्या गाडीत थांबवावयाची शक्ती सव्वापटीहून अधिक असते. ती थांबवणारे ब्रेक मात्र जुन्याच मापाचे, आणि त्यांनाही तीच लांब काठी विरुद्ध. समोर नीलगाय आली, तर हे गणित कागदावर राहत नाही.

किलोमीटर मोजणारा आकडाही मागे पडतो. त्याने १०,००० दाखवले, तेव्हा गाडी ११,२७० चालून गेलेली असते. म्हणजे तेल बदलण्याची वेळ उलटून गेलेली. आणि पेट्रोलचा हिशेब मांडावा तर गाडी आहे त्याहूनही खादाड ठरते, कारण चाललेले अंतरच कमी नोंदलेले!

कायद्याची बाजूही पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाने करावयाचा नसतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात झाला, तर विम्याचे पैसे मागताना टायरांचा प्रश्न निघू शकतो, तो निराळाच.

मग मोठे टायर वाईटच का?

तसेही म्हणता येत नाही. आमची काळी माती ही काही साधी असामी नव्हे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चाकाला अशी चिकटते, की चाकाचा लाडूच होतो. तेथे टायरांचे खोल उंचवटे कामास येतात. मोठ्या चाकाने गाडीचे पोट जमिनीपासून वर उचलले जाते, हेही खरे. मात्र किती? व्यास १० सेंटिमीटरांनी वाढला, तर आस वर जातो ५ सेंटिमीटरच. सोयाबीनच्या शेतातल्या चिखलात पाच सेंटिमीटरांसाठी बारा महिने अर्धा गिअर गहाण टाकावा काय, हा ज्याचा त्याने करावयाचा विचार आहे.

ज्याला खरोखरच रानातून रोज जावे लागते, त्याच्यासाठी मार्ग आहेत. पण ते पुरे करावे लागतात, अर्धवट नव्हे. पहिला, पुढच्या-मागच्या दोन्ही आसांवरील क्राऊन-पिनियनचे दाते बदलणे. मूळ प्रमाण ३.७३ ला एक असेल, तर ३५ इंची टायरासाठी ते ४.२ च्या आसपास न्यावे लागते. मग हरवलेला अर्धा गिअर परत मिळतो. दुसरा, संगणकाला नव्या टायराचे माप कळवणे. काही गाड्यांत ते जाणत्या माणसाकडून करून घेता येते. तिसरा, पेटीच्या तेलासाठी निराळा थंड करणारा जाळीचा डबा बसवणे. आणि ब्रेकांचा विचार तर सर्वांत आधी. हे सर्व करण्याचा खर्च टायरांच्या किमतीला सहज मागे टाकतो, म्हणून दुकानदार त्याबद्दल आपणहून फारसे बोलत नाही. कायद्याचा प्रश्न मात्र एवढे करूनही उरतोच.

घरच्या मंडळींसाठी

ज्यांना एवढे काही करावयाचे नाही, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी पुष्कळ झाले.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक कागद चिकटवलेला असतो. कारखान्याने कोणते टायर आणि किती हवा सांगितली आहे, ते त्यावर छापलेले असते. टायर घेताना तो आधी वाचावा. मूळ व्यासापेक्षा शेकडा तीनच्या पलीकडे जाऊ नये, असा जाणत्यांचा दंडक आहे. वर दिलेल्या रीतीने हा हिशेब घरच्या मुलांकडून करून घ्यावा. त्यांचे गणितही होईल आणि हट्टही थोडा निवळेल.

चारही टायर एकाच मापाचे हवेत, आणि पाचवा जादा टायरही. मागे दोन मोठे आणि पुढे दोन जुने, हा प्रकार तर चारचाकी जोराच्या गाडीत सर्वांत घातक. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा आणि मागचा आस एकत्र जोडला, की दोघांची पावले जुळत नाहीत आणि मधले दांडे-दाते पिळले जातात. एका जोतातले दोन बैल निराळ्या चालीचे असावेत, तशी गत.

चिखलात जाण्यापूर्वी टायरांतली हवा थोडी कमी करावी. टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्याला लागताच ती पुन्हा भरावी, हे विसरू नये. आणि गाडी खरोखर रुतली, तर हळू गतीचा जादा गिअर टाकावा; बहुतेक गाड्यांत त्याच्या दांड्याजवळ '४ एल' असे लिहिलेले असते. त्याने चाकावरचा जोर दोनपटीहून अधिक वाढतो आणि पेटीतल्या तेलाची घुसळण वाचते. नेहमीच्या गिअरात पायडल दाबून चाके गरगरवीत बसणे, म्हणजे तेल शिजवणे.

घाट चढताना गाडीला वरखाली करू देऊ नये. गिअर हाताने धरून ठेवण्याची सोय असते. ती वापरून दुसरा किंवा तिसरा कायम ठेवावा. उतरतानाही तेच, म्हणजे ब्रेकांना विसावा मिळतो. तापल्याचा दिवा लागला, तर ऐट न करता सावलीला थांबावे. आणि ज्या गाडीने कधी मोठे टायर वागवले असतील, तिच्या पेटीचे तेल ठरल्या मुदतीच्या आधी एकदा तपासून घ्यावे.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ मंडळी कारंज्याला गुरुमंदिरात जातील, कोणी शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला, कोणी पोहरादेवीला. निघण्यापूर्वी गाडीचे टायर एकदा पाहा, त्यांतली हवा तपासा, आणि माप दारावरच्या कागदाशी जुळते की नाही तेही पाहून घ्या. या कामाला दहा मिनिटे पुरतात. ती फराळाच्या आधी काढावीत, कारण फराळानंतर वाकवत नाही.